पोवळेबेटाचं चौथं रीळ

६ सप्टेंबर १९८१, रविवार

चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आले तर ओटीवर एक अनोळखी माणूस बसलेला, आणि आई त्याला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खायला घालत होती. मला वाटलं विमेवाला. माझं तोंड लगेच वाकडं झालं, ते त्याला दिसलंही असणार. पण तो इथलाच, नंदाखालचा निघाला. नाव कॉन्रॅड. पुण्याला जुन्या चित्रपटांचा संग्रह करतात तिथे नोकरीला आहे. बोलपट यायच्या आधीचे मुके चित्रपट शोधत गावोगाव फिरतो. असल्या कामाचा पगार मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर इतिहासाच्या वह्या तपासण्यापेक्षा मीही तेच केलं असतं.

त्याने सांगितलं ते असं. १९२९ साली मुंबईच्या एका कंपनीने 'पोवळेबेटाची राणी' नावाचा चित्रपट काढला. गोष्ट कुठल्यातरी दूरच्या, उष्ण समुद्रातल्या बेटांची. राजपुत्राचं गलबत फुटतं, तो बेटाला लागतो, तिथली राणी त्याच्यावर भाळते आणि राणीची सखी त्या दोघांसाठी समुद्रात उडी टाकून जीव देते. एवढ्या लांबच्या बेटांवर कोण जाणार? म्हणून सगळं आपल्या राजोडीच्या किनाऱ्यावर उरकलं. माड आहेत, वाळू आहे, समोर अर्नाळा आहे, झालं बेट. बेटावरच्या बायका म्हणून आसपासच्या गावांतल्या पोरी उभ्या केल्या. पुढे तो चित्रपट हरवला.

"तुमच्या घरातलं कुणी होतं का त्यात?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणणार, तोच आई म्हणाली, "होती. माझी बहीन. सालोमी."

सालोमी मावशी तरुणपणी तापाने गेली, दफनभूमीच्या कोपऱ्यात तिची कबर आहे, एवढंच मला माहीत. आईच्या तोंडून तिचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

७ सप्टेंबर

शाळेतून आल्यावर आईला समोर बसवलं. म्हटलं, आता सगळं सांग.

आई तेव्हा तेरा वर्षांची, मावशी एकोणीसची. दोघी राजोडीला जात, आई नुसती बघायला. कंपनीवाले पोरींना केस मोकळे सोडायला सांगत आणि गळ्यात शिंपल्यांच्या माळा घालत. आठवड्याभरात मावशीला गर्दीतून काढून राणीची सखी केलं. काम संपलं, कंपनी गाशा गुंडाळून मुंबईला गेली, आणि पाठोपाठ मावशीही गेली. कुणी पळवली नाही. स्वतःच्या पायाने गेली. परत आली नाही, पत्र नाही. आजही ती आहे की नाही कुणाला माहीत नाही.

आमचे आजोबा, आईचे वडील बॅप्टिस्ट, म्हणजे गावातलं वजनदार माणूस. चर्चच्या कमिटीवर. पुढच्या वर्षी सोपाऱ्याला तंबूत तो चित्रपट लागला आणि गावाने मावशीला पडद्यावर बघितलं. त्यानंतर आजोबांनी तिची माती केली. जिवंत मुलीची! पेटी केली, खड्डा खणला. तेव्हाच्या फादरनी मिस्सा द्यायला नकार दिला तर आजोबांनी स्वतःच माती लोटली. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि तो आजवर चालला.

"काय माणूस होता की दगड!" मी म्हटलं. भिंतीवरचा त्यांचा फोटो उलटा करून ठेवावा असं वाटलं.

"तसं बोलू नको," आई म्हणाली. "पॉलिन, मला तिला बघायचंय. डोळे हायत तोवर."

आईला काचबिंदू आहे. वसईच्या डॉक्टरांनी मेमध्येच सांगितलं की कडेची नजर गेली, ती परत येणार नाही. आता तिला नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं आणि तेही किती दिवस, सांगता येत नाही. मावशीचा घरात एकही फोटो नाही. मी विचारलं, बावन्न वर्षांनी बघून करणार काय? तर म्हणे, बघायचंय. आई एकदा गप्प झाली की तिच्याकडून अक्षर निघत नाही.

मला हसू येतं. ही बाई माझ्या बाबतीत कायमची फौजदार. शाळेच्या नाटकात काम करायचं नाही, केस मोकळे सोडून दारात यायचं नाही, फोटोवाला आला की आत जायचं. एकोणसाठ साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती. आईने अन्नपाणी सोडलं आणि मी राहिले. भावाला, रॉबर्टला मात्र कुवेतला जायला आडकाठी नव्हती. आणि आता म्हातारपणी हिलाच सिनेमाचा सोस!

२० सप्टेंबर, रविवार

कॉन्रॅड पुन्हा आला. चित्रपटाच्या सात रिळांपैकी सहा त्याला गेल्या वर्षी पालघरला मिळाली आहेत. तंबूवाल्याच्या मुलाच्या माळ्यावर पडली होती. जुनी फिल्म फार धोक्याची, ठिणगी लागली की भडकते, म्हणून पुण्याला नव्या फिल्मवर तिची नक्कल केली आहे. ती तो इथे आणून दाखवणार. चौथं रीळ तेवढं नाही.

फादर हॉल द्यायला तयार झाले. पण 'चित्रपटात अनुचित काही नाही ना?' असं दोनदा विचारलं. म्हटलं, फादर, त्यात आपल्याच आज्या आहेत.

११ ऑक्टोबर, रविवार

आज बघितला.

हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. आईला अगदी मध्ये, पडद्यासमोर बसवलं. सुरुवातीला हसून हसून पुरेवाट झाली. दूरच्या समुद्रातलं अज्ञात बेट म्हणे, आणि राणीच्या मुकुटामागे अर्नाळ्याचा किल्ला दिसतोय! राजपुत्र वाळूत मूर्च्छित पडलाय तिथे बैलगाडीच्या चाकोऱ्या. माडावरून कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं लोंबतंय. प्रत्येक पोरगी पडद्यावर आली की कुणीतरी ओरडायचं, ही आमची आत्या, ही आमची आजी. मग कधी कोण जाणे, हसणं थांबलं. त्यातली एकही आता गावात उरलेली नाही. पोरी हात धरून गोल नाचत होत्या, आवाज मात्र मशीनचाच होता.

सालोमी मावशी लांबूनच दिसली. राणीच्या मागे घडा घेऊन उभी, किनाऱ्यावरून पाठमोरी चाललेली, झोपडीच्या अंधारात. चेहरा कुठेच नीट नाही. ती वाळूतून चालत गेली तेव्हा मागच्या रांगेतली उर्सुला काकी मोठ्याने म्हणाली, "अगं बाय, ही तर आपली पॉलिनच चालते!" सगळा हॉल हसला. या उर्सुला काकीला कुठे काय बोलावं ते अजून कळत नाही. मी आईकडे बघितलं तर ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. उजेडाने डोळ्यांना त्रास झाला असेल.

तिसरं रीळ संपल्यावर कॉन्रॅडने मशीन थांबवलं आणि चित्रपटाच्या जुन्या पुस्तिकेवरून सांगितलं की चौथ्यात सखी राणीचा निरोप घेते. तिथे कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, रडून ती समुद्रात उडी घेते. चेहरा असा तिथेच आहे. मग त्याने पाचवं लावलं. त्यात मावशी नव्हतीच, राणी तिच्यासाठी शोक करत होती.

"एवढंच?" आई म्हणाली.

घरी सोडायला आला तेव्हा कॉन्रॅडने आणखी एक सांगितलं. तंबूवाल्याच्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे चौथं रीळ आमच्याच गावच्या, गासच्या एका माणसाने नेलं. खेळ संपल्यावर तो आला आणि त्याने मालकाचे पाय धरले. तंबू हलेपर्यंत सोडलेच नाहीत. शेवटी मालकाने ते रीळ देऊन टाकलं.

आजोबाच ते, आईला शंका नाही. पण पाय धरले म्हणे! आजोबांनी बिशपचे सुद्धा धरले नसते. दमदाटी करून नेलं असणार, तंबूवाल्याने पोराला सांगताना गोष्ट सोयीची करून घेतली.

१३ ऑक्टोबर

फर्डिनंड मामाकडे गेले होते. आईचा धाकटा भाऊ. पानवेलीची वाडी अजून स्वतः बघतो. वेली बांधत होता. चौथ्या रिळाचं नाव काढताच त्याचे हात थांबले.

"तो डबा पेटीत हाय," तो म्हणाला. "रिकामी पेटी पुरली असं गाव समजतं. रिकामी नव्हती."

माती झाली तेव्हा मामा दहा वर्षांचा. आदल्या दिवशी आजोबांनी त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं. पत्र्याचा गोल डबा मांडीवर घेतला. मामाने पेटती मेणबत्ती धरायची आणि आजोबांनी झाकणाच्या कडेने मेण ओतून बोटाने दाबत जायचं, एक फट राहता कामा नये. मेणबत्त्या चर्चमधल्या, आशीर्वाद दिलेल्या. "गरम मेन बोटांवर पडत होतं तरी बाबा हात काढत नव्हते," मामा म्हणाला. "मी म्हटलं, बाबा भाजतं. तर म्हनाले, तू नीट धर."

केवढा हा राग माणसाचा! स्वतःचे हात भाजून घेतले, पण बदनामीचा वास बाहेर येऊ दिला नाही.

मी म्हटलं, मामा, तो डबा काढू या. आईची नजर चालली आहे.

"बाबांनी पुरलं ते मी उकरनार नाय," मामा म्हणाला आणि पुन्हा वेल बांधायला लागला.

१८ ऑक्टोबर, रविवार

कॉन्रॅड आला होता. जे सांगितलं ते एका कार्डावरही मावलं असतं. पुण्याहून दर रविवारी येऊन या माणसाला काय मिळतं देव जाणे. घरी कुणी नाही म्हणे, बायको जाऊन सहा वर्षं झाली. आईने त्याला जेवायला थांबवलं, बोंबलाचं कालवण केलं, आणि नजर अधू असूनही तुकडे निवडून त्याच्या ताटात वाढले. जेवल्यावर त्याने विहिरीच्या रहाटाची करकर काढून दिली. मी सांगितलं नव्हतं.

त्याच्याबरोबर दफनभूमीत जाऊन आले. कबरी खणणारा सिप्रियन तिथेच होता. मला एक कोडं पडलं होतं. आपल्याकडे कुणाची कबर कायमची नसते. काही वर्षं गेली की हाडं उचलून चर्चमागच्या अस्थिविहिरीत ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. आजोबांची स्वतःची जागा तीनदा तरी दिली असेल. मग मावशीची एवढी वर्षं कशी राहिली?

सिप्रियन म्हणाला, "टीचर, हाडं उचलल्याशिवाय जागा मोकळी होत नाय. आन् तिथं हाडंच नायत, तर उचलू काय? माझ्या बापाच्या वखतापासून ती जागा तशीच."

सगळे मेले त्यांची जागा गेली आणि जिची माती खोटी तिची तेवढी टिकली. कॉन्रॅड बराच वेळ तिथे टोपी काढून उभा होता. परतताना म्हणाला की डबा मिळाला तरी आत फिल्म राहिली असेलच असं नाही, आशा फार ठेवू नका. म्हटलं, मी कशाला ठेवू, मला काय करायचंय?

२५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आईचा हात चुलीवरच्या तव्यावर पडला. तिला तवा दिसलाच नाही. जळलेल्या बोटांना मी खोबरेल लावत होते तेव्हा मामा आला, चिंबोऱ्या घेऊन. आईने त्याला बसवलं.

"फर्डिनंड, एक सांगून ठेवते. मला सालोमीच्या जागेत ठेवायचं."

मामा एकदम चिडला. "तुझी जागा भावजींच्या इथं मागून घेऊ. ती कशाला?"

"ती मोकळीच हाय. मंग माझ्यासाठी उघडाल ना? तेव्हा डबा निघेल. तो काढून पुण्यावाल्याला द्या नायतर माझ्या उशाला ठेवा, मला काय फरक पडनार. माझे डोळे तेव्हा मिटलेले असतील."

"बेटी, उगाच बोलू नको." मामा आईला नावानेच हाक मारतो.

"उगाच कुठं? आता नाय म्हनतोस तर मंग तेव्हाच."

मामा चिंबोऱ्या तशाच टाकून निघून गेला. त्या अंगणभर पळाल्या, पॉलिनबाई झाडू घेऊन मागे. आईला मी बोल बोल बोलले, म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत पकडतात का? ती भाजलेलं बोट तोंडात घालून बसली होती. तिच्यासमोर मला कधी नव्हे ती भीती वाटली, ती जाईल याची.

१ नोव्हेंबर, रविवार

उद्या मृतांचा दिवस, म्हणून दुपारी सगळं गाव कबरी साफ करायला दफनभूमीत. चुना, झेंडू, मेणबत्त्या. मी आईला हाताला धरून नेलं होतं. आमच्या पप्पांची जागा साफ केली, फुलं घातली, आणि बघते तर मामा कोपऱ्यात मावशीच्या कबरीवर वाकलेला. वाटलं गवत काढतोय. मग कुदळीचा आवाज आला.

सिप्रियन ओरडत धावला, "अहो, परवानगी नाय! मेलेल्या मानसाला उठवता काय?"

"कुठलं मेलेलं मानूस?" मामा म्हणाला आणि खणत राहिला. एकसष्ट वर्षांचा माणूस, सदरा घामाने भिजलेला. गाव हातातली फुलं घेऊन भोवती उभं. कुणीतरी फादरना बोलावून आणलं. फादर तरुण आहेत. ते आले, बघितलं, सिप्रियनला विचारलं, "इथे कोण आहे पुरलेलं?"

"कोनी नाय, फादर."

"मग ही कबर कशी? खणू दे त्यांना." आणि फादरनी स्वतःच बाजूची माती ओढायला घेतली. माझ्या मनातून ते आज फार वर गेले.

पेटी कधीच मातीला मिळालेली. कमरेइतकं खाली गेल्यावर डबा निघाला. गंजून तांबडा झालेला, पण कडेचं मेण अजून तसंच, मळकं, घट्ट. मामाने तो स्वतःच्या सदऱ्याने पुसला आणि आईच्या हातात दिला. आईने कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा.

"बाबांचं बोट लागतंय," ती म्हणाली. खरंच, मेणावर दाबल्याचे खोलगट ठसे आहेत. मी म्हटलं, चल, ऊन लागतंय डब्याला. घरापर्यंत तिने तो कुणाला घेऊ दिला नाही, तान्हं मूल आणावं तसा आणला.

२ नोव्हेंबर

काल लगेच तार केली होती. पहाटेच्या गाडीने कॉन्रॅड आला, मिस्सा ऐकली, आणि ओलं गोणपाट गुंडाळून डबा घेऊन गेला. इथे उघडायचा नाही म्हणाला. मला म्हणाला, "काही वाचलं तर पहिल्यांदा इथेच आणीन." मी म्हटलं, पहिल्यांदा म्हणजे? दुसरीकडे कुठे न्यायचं होतं? तो हसला.

२९ नोव्हेंबर, रविवार

नाताळच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. पुण्याहून काही नाही.

काल आईने मला विचारलं, दिवा लावलास का? दिवा तिच्या समोर होता. आता उजेड आणि काळोख एवढंच तिला कळतं. डॉक्टर म्हणाले हे होणारच होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि तोंड धुऊन आत गेले. ती म्हणाली, "रडलीस ना? नाक चोंदलंय तुझं." डोळे गेले तरी फौजदारी जात नाही.

मला कॉन्रॅडचा राग येतो. मामाचा येतो. आजोबांचा तर येतोच. एक महिना आधी हा डबा निघाला असता तर काय बिघडलं असतं? आई मात्र कुणावरच रागावत नाही, रोज विचारते, पुण्यावाला आला का?

१३ डिसेंबर, रविवार

आज आला. मामालाही बोलावलं. आम्ही चौघं ओटीवर बसलो. कॉन्रॅडच्या हातात एक पाकीट होतं, पण त्याने आधी पाकीट उघडलं नाही. त्याने सांगायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

डब्यात फिल्म नव्हती म्हटलं तरी चालेल. तपकिरी भुकटी होती, आणि मधासारखा चिकट गोळा. बोटभर लांबीचा एक तुकडा तेवढा सुटा निघाला, त्यातल्या एका चित्राचा मोठा फोटो त्याने केला आहे.

"जमिनीतल्या ओलीने खाल्ली का?" मामाने विचारलं.

कॉन्रॅड म्हणाला, "ओल आत गेलीच नव्हती. या जुन्या फिल्ममधून एक वाफ निघते. ती बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली तर आतल्या आत ती फिल्मलाच खाते."

"म्हंजे आम्ही नीट बंद केला, म्हनून गेली?"

कॉन्रॅडने होकारार्थी मान हलवली.

"बाबांनी सांगितलं होतं, पॉलिन," मामा माझ्याकडे वळला, कॉन्रॅडकडे नाही. "म्हनाले, हिला पानी लागता कामा नये, किडा लागता कामा नये. मी एक फट ठेवली नाय गं. मी मेनबत्ती हलू पन दिली नाय."

हे त्याने ऑक्टोबरात सांगितलं नव्हतं. मी त्याला पाणी आणून दिलं, त्याने ते हातात धरून ठेवलं.

मग कॉन्रॅडने फोटो काढून मला दिला. माडाखाली उभी असलेली मुलगी, गळ्यात शिंपल्यांची माळ, केस वाऱ्याने एका बाजूला. नाकाच्या खालून हनुवटीपर्यंत मोठा डाग, तिथे चित्र विरघळून गेलंय. वरचा अर्धा चेहरा स्वच्छ. मला कुणाची तरी आठवण झाली, नेमकं कोण ते ध्यानात येईना. कॉन्रॅड एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता, मी बघितल्यावर चष्मा पुसायला लागला.

मी आईला सांगायला लागले. "उंच आहे, आई. कपाळ मोठं, भुवया जाड..."

"चेहरा नको सांगू," आईने मला तोडलं. "चेहरा मी रोज बघत होते."

"कुठे?"

"ते राहू दे. ती हसते का, ते सांग."

म्हणजे एवढ्यासाठी. सप्टेंबरपासून मी विचारतेय, बघून करणार काय, आणि उत्तर हे होतं. बावन्न वर्षं ही बाई एवढंच मनात धरून बसली होती की बहीण गेली ती रडत गेली की हसत.

हो म्हणून टाकावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं. कुणाला कळणार होतं? पण आईशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही, आणि तिच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन तर नाहीच.

"तोंडावर डाग पडलाय, आई. तोंड दिसत नाही."

मामाने मान खाली घातली.

"मंग डोळे बघ," आई म्हणाली.

मी फोटो उजेडाला धरला. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, जरा बाजूला कुणाकडे तरी वळलेले आहेत. खालच्या पापण्या वर आल्यात. कडांना बारीक घड्या. डागाच्या वर गालाचा उंचवटा फुगलेला दिसतो.

कॉन्रॅड हळूच म्हणाला, "या जागी तिने रडायचं होतं. गोष्टीत तसंच आहे. हे बहुतेक कॅमेरा सुरू झाल्याबरोबरचं असेल."

"हसतायत," मी म्हटलं.

"माझ्यासाठी सांगू नको. नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. खिडकीशी गेले, तिथे बघितलं. शाळेत मागच्या बाकावरची मुलगी हसू दाबते तेव्हा तिचे डोळे असेच होतात, मी ते वर्षानुवर्षं बघितलेत. हसू नये अशा ठिकाणी हसू आलेले डोळे.

"हसतायत, आई. तिला हसू आवरत नाहीये. तिला रडायला सांगितलंय आणि तिला रडू येत नाहीये."

आईने भाजलेल्या बोटाचा वण दुसऱ्या बोटाने चाचपला. मग ती म्हणाली, "मंग बरं झालं, गेली ती."

मामा घाबरून म्हणाला, "बेटी, हळू."

"कशाला हळू? सालोमी गेली ते बरं झालं!"

हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की कुंपणापलीकडे उर्सुला काकीचं कांडण थांबलं. या घरात ते वाक्य आजवर कुणी मनातसुद्धा म्हटलं नसेल. मामाने तोंडावर टॉवेल धरला आणि लहान मुलासारखा रडू लागला. आईने अंदाजाने हात पुढे केला, तिला त्याचा खांदा सापडेना. मी तिचा हात धरून त्याच्या खांद्यावर ठेवला.